आर्थर व्हार्टन : पहिल्या कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटूची जीवनकथा

इतिहास शिकविताना आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवत आली आहे. पराक्रम करणारे हात वेगळे असतात आणि त्या पराक्रमाची नोंद करणारे हात वेगळे असतात. हे दोन्ही हात जेव्हा एकाच समाजाचे नसतात, तेव्हा मोठमोठी कर्तृत्वे नोंदवहीतून गळून पडतात. खेळाच्या इतिहासात तर हे फारच घडले आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर आम्ही अशाच एका क्रीडापटूचे चरित्र ठेवीत आहोत. त्यांचे नाव आर्थर व्हार्टन. ते इंग्लंडचे विजेते धावपटू होते, व्यावसायिक फुटबॉलमधील नामांकित गोलरक्षक होते आणि जगातील पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्यांना ओळखले जाते. परंतु १९३० मध्ये त्यांचा देह मातीआड झाला, तेव्हा त्या मातीवर त्यांच्या नावाचा एक दगडही उभा राहिला नाही. तो दगड बसायला सहासष्टांहून अधिक वर्षे लागली.

जन्म आणि घराणे

आर्थर व्हार्टन यांचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अक्रा शहराच्या जेम्सटाउन भागात झाला. त्या प्रदेशाला तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणत. इंग्रजांचा अंमल तेथे पसरत चालला होता आणि १८७४ मध्ये तो रीतसर ब्रिटिश वसाहत झाला. १९५७ साली स्वतंत्र झालेला घाना हा देश आज त्याच भूमीवर उभा आहे.

वडील हेन्री व्हार्टन हे मूळचे कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावरचे. ग्रेनाडा म्हणजे गुलामांच्या कष्टावर पोसलेल्या मळ्यांचे बेट. हेन्री यांच्या पूर्वजांत आफ्रिकी होते तसेच स्कॉटिशही होते. वेस्लियन मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होऊन ते गोल्ड कोस्टला आले. ज्या खंडातून माणसांना जहाजात कोंबून नेले गेले होते, त्या खंडात त्यांच्यातीलच एकाचा वंशज शिकून-सवरून, पुस्तक हाती घेऊन परतला, ही घटनाच मोठी होती. आई अ‍ॅनी फ्लॉरेन्स ग्रँट या तेथील फान्टी जमातीच्या राजघराण्याशी नाते असलेल्या. त्यांच्या माहेरीही एक स्कॉटिश व्यापारी होता. म्हणजे गोल्ड कोस्टवर व्हार्टन कुटुंबाला मान होता, शिक्षण होते आणि ओळखीपाळखी होत्या.

आर्थर लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. तरी मुलाने वडिलांच्या मार्गाने जावे, धर्मोपदेशक किंवा शिक्षक व्हावे, हा कुटुंबाचा मानस कायम राहिला. त्यासाठी १८८२ मध्ये त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. प्रथम स्टॅफर्डशायरमधील कॅनक येथील शोल हिल कॉलेजात आणि १८८४ पासून डार्लिंग्टन येथील क्लीव्हलँड कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. डार्लिंग्टन हे उत्तर इंग्लंडमधील रेल्वेचे आणि लोखंडाचे गाव. येथे या तरुणाचे मन ग्रंथांपेक्षा मैदानात अधिक रमू लागले.

जन्मभूमीत ज्याला घराण्यामुळे मान होता, त्याची इंग्लंडमध्ये पहिली ओळख ठरत होती ती केवळ कातडीच्या रंगावरून. जन्मावरून माणसाची किंमत करण्याची रीत ज्यांनी भोगली आहे, त्या आमच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

घड्याळाने दिलेला निकाल

व्हार्टन प्रथम गाजले ते धावपटू म्हणून, आणि त्यांचे हे यश समजून घेण्यासाठी तत्कालीन इंग्लंडच्या क्रीडाजगताकडे पाहावे लागते. १८६० च्या दशकात तेथे स्थापन झालेल्या हौशी धावपटूंच्या संस्थेने आपल्या स्पर्धांतून यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना वगळले होते. हातांनी कष्ट करणारा माणूस सभ्य गृहस्थांच्या शेजारी धावू शकत नाही, असा तो नियम होता. १८८० मध्ये अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही नवी राष्ट्रीय संस्था निघाली आणि तिने हा भेद काढून टाकला. व्हार्टन धावू लागले ते हे दार उघडल्यानंतर अवघ्या काही वर्षांनी.

३ जुलै १८८६ रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते १०० यार्डांच्या शर्यतीत उतरले. १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. ते अंतर त्यांनी बरोबर १० सेकंदांत कापले आणि विजेतेपद मिळविले. त्या राष्ट्रीय स्पर्धेत १० सेकंदांची वेळ त्यापूर्वी कोणीही दिलेली नव्हती. तेव्हा आजच्यासारखी धावपट्टी नव्हती, पाय रोवण्यासाठी ठोकळे नव्हते, आणि वेळ मोजली जाई ती पंचांच्या हातातील घड्याळावर. पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी हे विजेतेपद पुन्हा जिंकून दाखविले.

वसाहतवादाचा तो भरभराटीचा काळ होता. आफ्रिकी माणूस बुद्धीने आणि शरीराने युरोपीय माणसाहून कमी प्रतीचा आहे, असे सिद्ध करू पाहणारी पुस्तके विद्वान मंडळी लिहीत होती. अशा काळात इंग्लंडमधील सर्वांत वेगवान धावपटू हा गोल्ड कोस्टहून आलेला एक विद्यार्थी होता. शर्यतीत एक फीत असते आणि एक घड्याळ असते. फितीला छाती कोणाची आधी लागली हे हजारो डोळ्यांना दिसते, आणि घड्याळाचा काटा धावणाऱ्याचा रंग पाहत नाही. म्हणूनच १० सेकंदांची ती नोंद कोणाला नाकारता आली नाही. फुटबॉलमध्ये मात्र असे घड्याळ नव्हते, आणि व्हार्टन यांच्या पुढील आयुष्याची सारी कहाणी या एका फरकात सामावलेली आहे.

त्या काळचा गोलरक्षक

डार्लिंग्टन येथे शिकत असतानाच व्हार्टन गावच्या फुटबॉल संघाचे गोलरक्षक झाले. आजच्या वाचकांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेला गोलरक्षक आणि त्या काळचा गोलरक्षक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तेव्हा त्याला वेगळ्या रंगाचा सदरा नसे. ती पद्धत १९०९ मध्ये आली. आपल्या अर्ध्या मैदानात तो कोठेही चेंडूला हात लावू शकत असे. ही मुभा १९१२ मध्ये केवळ पेनल्टी क्षेत्रापुरती मर्यादित झाली. ऐकायला हे सोयीचे वाटते, परंतु त्याची किंमतही जबर होती. १८९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत प्रतिस्पर्धी खेळाडूंना गोलरक्षकाला खांद्याने धडक देण्याची परवानगी होती, मग चेंडू त्याच्यापाशी असो वा नसो. एकाने धडकून गोलरक्षकाला आडवे पाडायचे आणि दुसऱ्याने मोकळ्या गोलात चेंडू मारायचा, हा त्या काळचा राजमान्य डाव होता. गोलखांबांमागे जाळी नव्हती. ती १८९१ नंतर रूढ झाली. पेनल्टी किकचा नियमही १८९१ चाच.

या धक्काबुक्कीच्या कामात व्हार्टन यांनी आपली स्वतःची शैली निर्माण केली. ते गोलच्या एका कोपऱ्यात दबा धरून बसल्यासारखे वाकून उभे राहत आणि चेंडू सुटला की विजेच्या वेगाने झेपावत. १०० यार्डांच्या विजेत्याची चपळाई येथे कामी येई. त्यांची मूठ चेंडूवर बसली की चेंडू दूरवर फेकला जाई, आणि पुष्कळदा चेंडूबरोबर धडक द्यायला आलेल्या खेळाडूलाही तिचा प्रसाद मिळे. कधी ते गोलची आडवी दांडी हातांनी धरून खाली वाकवीत, म्हणजे वरच्या बाजूने येणारा चेंडू तिच्यावरून निघून जाई. प्रेक्षक हसत, टाळ्या पिटत आणि पुन्हा त्यांना पाहायला येत.

त्यांच्या एका बचावाची आठवण तर विलक्षणच आहे. ती शेफील्डच्या एका वृत्तपत्रात १९४२ मध्ये, म्हणजे सामन्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, एका प्रेक्षकाने पत्र लिहून कळविली. सामना होता रॉदरहॅम आणि शेफील्ड वेन्सडे या संघांमध्ये, ऑलिव्ह ग्रोव्ह मैदानावर. व्हार्टन यांनी उडी मारून आडवी दांडी पकडली, लोंबकळत असताना येणारा चेंडू दोन्ही पायांच्या मध्ये झेलला, आणि त्यांच्या अंगावर धावून आलेले तीन आघाडीचे खेळाडू तोल जाऊन थेट जाळीत कोसळले. पन्नासहून अधिक वर्षे फुटबॉल पाहूनही असा बचाव पुन्हा दृष्टीस पडला नाही, असे त्या प्रेक्षकाने नमूद केले होते. ज्या खेळाडूचे नाव क्रीडासंस्था विसरल्या होत्या, त्याचा एक क्षण एका साध्या प्रेक्षकाने आपल्या स्मरणात एवढी वर्षे जपून ठेवला होता.

प्रेस्टन आणि वृत्तपत्रांची लेखणी

१८८६ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाने व्हार्टन यांना आपल्याकडे बोलाविले. फुटबॉलमध्ये पैसे घेऊन खेळण्यास जुलै १८८५ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली होती, आणि ती मिळावी म्हणून उघडपणे झगडलेल्या संघांत प्रेस्टन अग्रभागी होता. लँकशायरच्या कापडगिरण्यांच्या मुलखातला हा संघ त्या काळी इंग्लंडमधील सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक गणला जाई. व्हार्टन यांच्या काळात, १८८६-८७ च्या हंगामात, प्रेस्टनने एफ. ए. कप स्पर्धेच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली. तेथे वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने त्यांना ३-१ असे हरविले.

या यशाच्या काळात त्यांना इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात स्थान मिळायला हवे होते, असे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांना वाटते. ते मिळाले नाही. त्याऐवजी वृत्तपत्रांतून त्यांच्या वाट्याला काय आले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांच्या नावापुढे रंगावरून पडलेले टोपणनाव सर्रास छापले जाई. १८८७ मध्ये एका क्रीडापत्रातील ऑथेल्लो हे टोपणनाव घेतलेल्या लेखकाने तर, दोन खांबांमधली जागा गमतीजमतीसाठी नाही हे या काळ्या माणसाच्या जाड डोक्यात शिरत नाही काय, अशा आशयाचा हीन प्रश्न विचारला.

या टीकेची जात आपण ओळखली पाहिजे. गोलरक्षक चुकला असेल तर त्याच्या खेळावर टीका व्हावी, यात गैर काही नाही. व्हार्टन यांच्या शैलीत धोका होता, आणि तो पत्करल्यामुळे कधी गोल झालेही असतील. परंतु गोऱ्या गोलरक्षकाने तीच करामत केली तर तो अवलिया ठरे. व्हार्टन यांनी केली की दोष त्यांच्या वंशावर जाई. व्यक्तीची चूक संपूर्ण समाजाच्या खात्यावर आणि व्यक्तीचे यश मात्र अपवादाच्या खात्यावर लिहायचे, हा हिशेब जगातील सर्व उच्चनीचतावादी व्यवस्थांचा एकसारखाच असतो.

१८८८ मध्ये व्हार्टन यांनी प्रेस्टन सोडले. त्याच वर्षी बारा संघांची फुटबॉल लीग सुरू झाली, आणि पहिल्याच हंगामात प्रेस्टनने एकही सामना न गमावता लीग जिंकली; एफ. ए. कपही जिंकला आणि तोही एकही गोल न स्वीकारता. तो संघ अजिंक्य म्हणून इतिहासात अमर झाला. व्हार्टन त्यात नव्हते. इतिहासाच्या पहिल्या उजेडातून ते अवघ्या काही महिन्यांनी बाहेर राहिले.

मैदानावरची रोजीरोटी

प्रेस्टन सोडले ते पैशाच्या शर्यती धावण्यासाठी. शेफील्ड हे त्या काळी अशा शर्यतींचे मोठे केंद्र होते. तेथे वेगवान धावपटूला काही यार्ड मागून आणि कमी वेगाच्या धावपटूला पुढून सोडले जाई, आणि निकालावर पैजा लागत. १८८८ मधील अशी एक नावाजलेली शर्यत व्हार्टन यांनी जिंकली. पैशासाठी धावल्यामुळे हौशी स्पर्धांचे दार त्यांना बंद झाले, आणि धर्मोपदेशक होण्याचा विचारही मागे पडला. यानंतर शरीर हेच त्यांचे भांडवल राहिले.

१८८९ मध्ये ते यॉर्कशायरमधील रॉदरहॅम टाउन या संघात व्यावसायिक गोलरक्षक म्हणून रुजू झाले. कृष्णवर्णीय फुटबॉलपटू त्यांच्यापूर्वीही होते. ब्रिटिश गयानात जन्मलेले अँड्र्यू वॉटसन यांनी तर १८८१ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करून इंग्लंडला ६-१ असे पराभूत केले होते. परंतु वॉटसन हे हौशी खेळाडू म्हणून गाजले. फुटबॉल हाच पेशा पत्करून त्यावर संसार उभा करणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून मान दिला जातो तो व्हार्टन यांना. रॉदरहॅम येथेच १८९० मध्ये एमा लिस्टर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९३ मध्ये रॉदरहॅम टाउनला लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला आणि व्हार्टन लीगचे खेळाडू झाले. खेळाच्या जोडीला ते मद्यालय चालवीत, कारण खेळाडूचा पगार हंगामापुरता असे आणि हंगाम संपला तरी चूल पेटायला हवी असे. उन्हाळ्यात यॉर्कशायर आणि लँकशायरमधील स्थानिक संघांकडून ते व्यावसायिक क्रिकेटही खेळले.

१८९४ मध्ये शेफील्ड युनायटेड या पहिल्या विभागातील संघाने त्यांना घेतले. त्याच वर्षी त्या संघात विल्यम फोक नावाचा एक अवघ्या वीस वर्षांचा गोलरक्षक दाखल झाला. फोक हे खाणकामगारांच्या ब्लॅकवेल गावच्या संघातून आले होते. धिप्पाड देहाचे फोक पुढे इंग्लंडकडून खेळले आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांच्या सावलीत एकोणतीस वर्षांच्या व्हार्टन यांना फारशी संधी मिळाली नाही. फेब्रुवारी १८९५ मध्ये संडरलँडविरुद्ध ते मैदानात उतरले, आणि इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. कोळशाच्या गावातून एक गोलरक्षक फुटबॉलकडे आला होता; दुसऱ्याची वाट पुढे फुटबॉलकडून कोळशाकडे जाणार होती.

पुढील सात वर्षांत त्यांनी अनेक संघ बदलले. पुन्हा रॉदरहॅम, मग स्टॅलीब्रिज रोव्हर्स, मग अ‍ॅश्टन नॉर्थ एंड. अ‍ॅश्टन येथे त्यांनी तंबाखूचे दुकानही टाकले. १८९९ मध्ये अ‍ॅश्टनचा संघच दिवाळखोरीत निघाला आणि ते स्टॅलीब्रिजला परतले. १९०१-०२ चा हंगाम ते दुसऱ्या विभागातील स्टॉकपोर्ट काउंटीकडून खेळले आणि १९०२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, निवृत्त झाले.

कोळशाची खाण आणि अखेर

त्या काळी व्यावसायिक फुटबॉलपटूच्या निवृत्तीला निवृत्तिवेतन नव्हते. १९०१ पासून खेळाडूच्या आठवड्याच्या पगारावर चार पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली होती, आणि खेळाडूंची टिकाऊ संघटना उभी राहिली ती १९०७ मध्ये. दुखापत, म्हातारपण, बेकारी यांचा भार ज्याचा त्याने वाहायचा होता. मालकाने खेळाडूच्या अंगातील रग संपेपर्यंत वापर करावा आणि नंतर त्याला विसरून जावे, ही रीत गोऱ्या खेळाडूंच्याही वाट्याला आली, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु गोऱ्या खेळाडूला गावात, संघात, ओळखीपाळखीत काही आधार मिळण्याची आशा असे. व्हार्टन यांचे रक्ताचे नातलग हजारो मैलांवर समुद्रापार होते.

अखेर त्यांनी डॉनकास्टरजवळील एडलिंग्टन या गावी यॉर्कशायर मेन या कोळसाखाणीत मजुरी पत्करली. कोळशाच्या गाड्या ओढून नेण्याच्या कामावर ते होते. पहिल्या महायुद्धात स्थानिक संरक्षक दलातही त्यांनी सेवा केली. ज्या संस्थेने मजुरांना शर्यतीत उतरू दिले नव्हते तिचा नियम मोडीत निघाल्यावर धावलेला राष्ट्रीय विजेता, शेवटी स्वतः मजूर झाला. आम्हांला यात कमीपणा दिसत नाही. घामाची भाकरी खाणाऱ्याला लाज कसली? लाज वाटावी ती ज्या खेळाने त्यांच्या जिवावर गल्ले भरले त्या खेळाच्या कारभाऱ्यांना.

डिसेंबर १९३० मध्ये डॉनकास्टर येथील रुग्णालयात, दीर्घ आजारानंतर, वयाच्या पासष्टाव्या वर्षी आर्थर व्हार्टन यांचे निधन झाले. एडलिंग्टनच्या दफनभूमीत गोरगरिबांसाठी असलेल्या भागात त्यांना पुरण्यात आले. कबरीवर नाव नव्हते.

विस्मरण कसे घडते

विस्मरण आपोआप घडत नाही. त्याची कारणे शोधता येतात, आणि ती शोधणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कामच आहे. व्हार्टन यांच्या बाबतीत तीन कारणे आम्हांला दिसतात. पहिले असे, की ज्या संघांसाठी त्यांनी सर्वाधिक घाम गाळला ते संघच बुडाले. रॉदरहॅम टाउन १८९६ मध्ये लीगबाहेर पडून संपुष्टात आला आणि अ‍ॅश्टनची अखेर वर आलीच आहे. संघ संपला की त्याची दप्तरे जपणारे कोणी उरत नाही. दुसरे असे, की त्यांना राष्ट्रीय संघाची टोपी मिळाली नाही. फुटबॉलचा इतिहास प्रायः राष्ट्रीय संघाच्या यादीवरून लिहिला जातो, आणि त्या यादीचे दार निवडकर्त्यांच्या हाती असते. १९२५ मध्ये प्लिमथ आर्गाइल संघाचे जॅक लेस्ली यांची इंग्लंडसाठी निवड झाली आणि पुढे ती गुपचूप मागे घेण्यात आली. कारण रंगाचे होते, असेच मानले जाते. इंग्लंडच्या वरिष्ठ संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव अँडरसन, उतरला तो १९७८ मध्ये. व्हार्टन यांच्या १० सेकंदांच्या शर्यतीला तोवर ब्याण्णव वर्षे झाली होती. तिसरे कारण सर्वांत साधे आहे. त्यांची आठवण मागणारा, ती लिहून ठेवणारा समाज त्यांच्याभोवती संघटित नव्हता.

तो पुढे झाला. १९९० च्या दशकात इतिहास-संशोधक फिल वसिली यांनी जुनी वृत्तपत्रे आणि सरकारी नोंदी चाळून व्हार्टन यांचे आयुष्य जुळवीत आणले. त्यांचे चरित्र १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. शेफील्डमध्ये वंशभेदाविरुद्ध फुटबॉलच्या माध्यमातून काम करणाऱ्या ‘फुटबॉल युनाइट्स, रेसिझम डिव्हाइड्स’ या संघटनेने निधी उभारण्यात पुढाकार घेतला आणि मे १९९७ मध्ये एडलिंग्टनच्या त्या कबरीवर नावाचा दगड बसविण्यात आला. योगायोग असा, की इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय गोलरक्षक, डेव्हिड जेम्स, याच १९९७ साली प्रथम मैदानात उतरला. २००३ मध्ये व्हार्टन यांचे नाव इंग्लिश फुटबॉलच्या सन्मान-दालनात दाखल झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये बर्टनजवळच्या सेंट जॉर्जेस पार्क या इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल केंद्रात, चेंडूकडे झेपावणाऱ्या व्हार्टन यांच्या सोळा फूट उंचीच्या शिल्पाचे अनावरण झाले. ज्या राष्ट्रीय संघाने त्यांना कधी बोलाविले नाही, त्याच संघाच्या सरावाच्या आवारात आज ते उभे आहेत.

आपण काय घ्यावे

या चरित्रातून एकच गोष्ट आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवू. जेथे मोजमाप उघड आहे, तेथे वंचितांच्या लेकरांना रोखता येत नाही. धावपट्टी आणि घड्याळ त्यांची बाजू घेतात. जेथे निवड बंद दाराआड होते, तेथे गुणवत्तेइतकीच संघटनेची आणि लेखणीची आवश्यकता असते. व्हार्टन यांच्याकडे गुणवत्ता विपुल होती. त्यांच्या पाठीशी नव्हती ती लेखणी.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना आमची एक साधी विनंती आहे. आपल्या निवासी शाळेतून गेल्या अनेक वर्षांत कितीतरी मुलेमुली तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या मैदानांवर उतरली असतील. कोणी कबड्डीत चढाई केली, कोणी अनवाणी शर्यत जिंकली, कोणी फाटक्या जाळीपुढे उभे राहून गोल वाचविले. त्या संघांची छायाचित्रे आपल्या घरातील पेट्यांत असतील. ती बाहेर काढावीत. छायाचित्राच्या मागे प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव आणि साल लिहावे, आणि त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात जमा करावी. ज्यांची नावे आज आठवतात ती माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे. आर्थर व्हार्टन यांच्या कबरीवर नाव कोरायला सहासष्टांहून अधिक वर्षे लागली. आपल्या लेकरांची नावे लिहायला एका संध्याकाळचा वेळ आणि एक पेन पुरेसे आहे.